कर्करोगाच्या प्रसारावर काम सुरू करताना

प्रयोगाला हात घालण्याआधी इंग्लिश शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट वाच. १८८९ साली त्यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी मांडल्या. यकृतात गाठी भरपूर, प्लीहेत फारच थोड्या. रक्त तर दोन्हीकडे जातं! त्यातूनच बी आणि जमिनीची कल्पना आली: कर्करोगाची पेशी म्हणजे बी, आणि ती पोषक जमिनीतच, म्हणजे ठरावीक अवयवांतच, रुजते. मला ती आजही थक्क करते.

नवखे बहुधा पेशी मूळ गाठीतून निसटते कशी, यातच अडकतात. पण रक्तात शिरलेल्या बहुतेक पेशी मरूनच जातात. खरी मेख पुढे आहे: उरलेली एखादी परक्या अवयवात तगते, कधी वर्षानुवर्षं सुप्त राहते आणि मग अचानक वाढू लागते, ती का? तिथे वेळ घाल.

आणि हो, उंदराच्या शेपटीच्या शिरेत टोचलेल्या पेशी आधी फुफ्फुसातच अडकतात, कारण शिरेतलं रक्त हृदयातून आधी तिथेच जातं. त्यावरून ‘या पेशींना फुफ्फुस आवडतं’ असा निष्कर्ष काढू नकोस.