आमटी कळकली, घावन चिकटलं आणि चिपटं म्हणजे किती ग्रॅम?

जुन्या वस्तूंबद्दल विचारा असं मागच्या वेळी म्हटलं तर माळेच्या माळे रिकामे केलेत की तुम्ही. या वेळी चार पत्रं घेतेय, बाकीची पुढच्या अंकात.

सासूबाईंचं पितळेचं पातेलं माळ्यावरनं काढलं, चिंचेने घासून लखलखीत केलं आणि हौसेने त्यात चिंचगुळाची आमटी केली. उरलेली रात्री त्यातच राहिली. सकाळी हिरवट झालेली आणि चव इतकी विचित्र की टाकून दिली. नवरा म्हणतो मोडीत घाल. घालू का? – एक वाचक, ठाणे

अहो थांबा, मोडीत कसली घालताय! तुमची आमटी कळकली एवढंच. आमच्या आज्यांच्या तोंडी हा शब्द रोज असायचा, आता स्टीलमुळे कुणाला माहीतच नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्याला चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो असलं आंबट लागलं की धातू पदार्थात उतरतो. ते पोटात गेलं तर मळमळतं, उलट्या होतात, म्हणून टाकलीत ते बेस्ट केलंत.

आता पातेल्याच्या आत बघा. चांदीसारखं पांढरट दिसतंय का? नाही ना, पिवळं दिसत असणार. म्हणजे कल्हई गेलीये. कल्हई म्हणजे कथलाचा (टिन धातूचा) पातळ थर, तो अन्न आणि पितळ यांच्यामध्ये असतो. कल्हईवाला काम करत असेल तर पाच मिनिटं उभं राहून बघाच. भात्याने निखारे फुलवतो, सांडशीत धरलेलं पातेलं त्यावर फिरवत तापवतो, मग चिमूटभर नवसागर टाकतो की भस्सकन पांढरा धूर येतो आणि नाकात झोंबतो. हा नवसागर धातूवरचा काट खातो, तो नसेल तर कथील चिकटतच नाही, नुसते गोळे होऊन पळतात. मग कथलाची कांडी टेकवायची, वितळलं की कापसाच्या बोळ्याने सर्रकन आतून फिरवायचं, आणि पिवळं पातेलं डोळ्यांदेखत पांढरंशुभ्र होतं. शेवटी पाण्यात बुडवलं की चुर्रर्र. मला अजूनही तो आवाज आला की मी खिडकीत जाते.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, कल्हईवाल्याला विचारून घ्या की कथील शुद्ध आहे ना, कारण काही जण स्वस्तात पडावं म्हणून शिसं मिसळतात आणि ते पोटात जाणं वाईटच. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर करकर आवाज येतो. दुसरं, कथील 232 डिग्रीला वितळतं. पाणी, डाळ, दूध असेल तर काळजी नाही, पण रिकामं पातेलं गॅसवर ठेवून विसरलात तर संपलं. मी केलंय हे, बहिणीचा फोन आला, बोलत बसले, परत येऊन बघते तर तळाशी पाऱ्यासारखे थेंब गोळा झालेले, महिन्यापूर्वीच केलेली कल्हई! म्हणून फोडणी कढल्यात करून वरून ओता आणि आतून तारेची घासणी अजिबात लावू नका. चिंच, राख, पितांबरी काय ते बाहेरून. इंडक्शनवर पितळ तापत नाही हेही आधीच सांगते.

कल्हईवाला दारावर येत नसेल तर जवळच्या भांड्यांच्या बाजारात विचारा. पुण्याला येणं-जाणं असेल तर कसबा पेठेत तांबट आळी आहेच. पेशवाईपासूनची वस्ती आहे तांबटांची, अजून ठोक्यांचा आवाज येतो तिथे.

आईचा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा आणला, पण घावनं चिकटतात आणि कडेला गंज आलाय. नॉनस्टिक घेऊ का? – कुडाळहून

कुडाळात राहून नॉनस्टिकवर घावन? तुम्ही आधी तवा साबणात भिजत घातला होतात ना, खरं सांगा. गंज जाड मीठ आणि नारळाच्या शेंडीने घासून काढा, धुवा, गॅसवर कोरडा करा. मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवा आणि आपोआप गार होऊ द्या. असं चार-पाच वेळा. तापलेलं तेल धातूवर घट्ट बसून काळा गुळगुळीत थर होतो, तोच तुमचा नॉनस्टिक. पहिलं घावन चिकटणारच, ते कावळ्याला. प्रत्येक घावनाआधी अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा. तापल्या तव्यावर गार पाणी मात्र ओतू नका, बीड तडकतं.

आमच्याकडे तांदूळ अजून चिपट्याने मोजतात. सून विचारते एक चिपटं म्हणजे किती ग्रॅम? मला सांगता येईना. – सातारा

काकू, तुम्हाला काय, कुणालाच सांगता येणार नाही, कारण चिपटं वजन करत नाही, ते जागा मोजतं. एक चिपटं तांदूळ आणि एक चिपटं पोहे यांचं वजन सारखं कसं येईल? जुनं कोष्टक असं: दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर आणि चार शेरांची पायली. त्यातून पायली गावोगाव लहानमोठी, कुठे शिगोशीग भरायची कुठे सपाट. 1956 च्या कायद्याने किलो-लिटर आले आणि बाजारातनं हे सगळं गेलं, पण डब्यातलं माप डब्यातच राहिलं. सुनेला सांगा, किचनच्या काट्यावर तांदूळ, डाळ, रवा एकेकदा तोलून बघ आणि आकडे डब्याच्या झाकणावर चिकटव. माप तेच राहू दे.

पाणी तापवायचा तांब्याचा बंब फ्लॅटच्या बाथरूममध्ये पेटवता येईल का? – डोंबिवली

नाही. बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो आणि माणूस कळायच्या आत जातो. गावी मोकळं अंगण असेल तर तिकडे न्या, दिवाळीच्या पहाटेला त्याच्यासारखं पाणी कशाचंच नाही.