आईची सही

प्रश्न : ताई, मी साताऱ्याचा. एस.टी.त ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. सध्या सहा महिन्यांसाठी मुलीकडे ह्यूस्टनजवळ आलोय. शेजारी एक कृष्णवर्णीय कुटुंब आहे. आई नर्स, मुलगा बारावीला, सतरा वर्षांचा, अंगापिंडाने आपल्या तालमीतल्या पोरासारखा. डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी त्याच्या शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या मुलांनी कॉलेज निवडायचा कार्यक्रम होता, आम्हालाही बोलावलं होतं. जिममध्ये टेबल मांडलेलं, त्यावर तीन कॉलेजांच्या टोप्या. मुलाने दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठाची टोपी उचलून डोक्यावर घातली. टाळ्या पडल्या आणि त्याची आई उठून सरळ पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसली, लग्नात मामा रुसावा तशी. सहीचा कागद टेबलावर तसाच राहिला. घरी आल्यावर जावई म्हणाले, "त्यांच्यात रंगाचं फार असतं." मला काही कळेना. एवढं शिक्षण फुकट मिळतंय, तर आईची हरकत कसली? तिला तसा हक्क तरी आहे का? आणि चेंडूच्या खेळात रंग कुठून आला? आता त्यांच्याकडे जावं की नाही, हेही समजत नाही. बेसनाचे लाडू करून ठेवलेत, ते तसेच आहेत.
— एक वाचक, सातारा (सध्या टेक्सास)

उत्तर : लाडू पंधरा दिवस टिकतात, म्हणून आधी बाकीचं सांगते.

मी जॉर्जियातल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये २२ वर्षं बीजगणित शिकवलं. मूळची सांगलीची, त्यामुळे इथला फुटबॉल (पायाने कमी, चेंडू हातात धरून पळायचा आणि फेकायचा जास्त) मला यायचं कारण नव्हतं. पण इथे वरच्या दर्जाच्या कॉलेजकडून खेळायचं तर हायस्कूलमधले ठरावीक १६ विषय पास लागतात, त्यांत गणिताची तीन वर्षं, आणि गुणांची सरासरी चारपैकी किमान २.३. त्यामुळे छातीवर कॉलेजचं चिन्ह असलेले धिप्पाड कोच माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन अदबीने विचारायचे, "मॅडम, पोराचं बीजगणित कसं आहे?" इतकी अदब मला सासरीही मिळाली नाही.

आधी हक्काचं. २०२४ पर्यंत एक राष्ट्रीय करारपत्र असायचं. मुलगा २१ वर्षांच्या आतला असेल तर त्यावर आई, वडील किंवा पालक, कुणातरी एकाची सही लागायची. ते पत्र आता बंद झालं, थेट शिष्यवृत्तीचा करार होतो. पण सतरा वर्षांच्या पोराच्या सहीवर कॉलेज थांबत नाही, घरच्या मोठ्यांची सही मागतंच. तेव्हा तुमच्या शेजारणीचा हक्क आहे. फक्त तो तिच्या एकटीचा असेलच असं नाही. २०१३ मध्ये फ्लोरिडात अ‍ॅलेक्स कॉलिन्स नावाच्या मुलाने आर्कन्सा विद्यापीठ निवडलं. आईला तो घराजवळ मायामीत हवा होता. सहीच्या दिवशी ती सही करेना, पुढे वकीलही गाठला. दुसऱ्या दिवशी वडिलांनी सही केली आणि पोरगा गेला. तिथल्या तिन्ही हंगामांत, दर हंगामाला, तो चेंडू घेऊन हजार यार्डांच्या वर धावला. (२०२३ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात तो गेला, अठ्ठाविसाव्या वर्षी. त्याचं नाव निघालं की मला आधी ती आईच आठवते.)

अ‍ॅलेक्सच्या आदल्या वर्षी, २०१२ मध्ये, लुइझियानातल्या लँडन कॉलिन्सने टीव्हीवर थेट प्रक्षेपणात अलाबामा जाहीर केलं. शेजारी बसलेल्या आईचा चेहरा पडला आणि आपली पसंती एलएसयूलाच (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) आहे, असं ती कॅमेऱ्यासमोर सांगून मोकळी झाली. एलएसयू तिच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. म्हणजे आपल्याकडे पोरगी गावातच द्यायची म्हणतात ना, तसं, एवढंच. यात गोऱ्या-काळ्याचा काही संबंध नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण काळी आई रुसली की लगेच त्याला रंगाचं कारण चिकटवायचं, हीसुद्धा एक खोडच आहे. तुमची शेजारीण कशासाठी उठून गेली ते मला माहीत नाही आणि तुमच्या जावयांनाही नाही.

पण चेंडूत रंग कुठून आला, हे विचारलंत. तुम्ही ह्यूस्टनजवळ आहात ना? तिथून पूर्वेला दीडेक तासावर बोमाँट नावाचं तेलाचं गाव आहे. १९६०च्या दशकात तिथला बबा स्मिथ हा उंचापुरा पोरगा देशात गाजला. वडील त्याच गावात काळ्यांच्या हायस्कूलचे कोच. पोराला ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात खेळायचं होतं. घरचंच विद्यापीठ, पण तिथे काळा खेळाडू घेतच नसत. मग मुलगा गेला थेट मिशिगन स्टेटला, बर्फात. तिथला कोच डफी डॉहर्टी दक्षिणेतली अशी मुलं उचलून नेत असे आणि बरेचदा मध्यस्थ असत ते काळ्या शाळांचे कोच. १९६७ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत बबा स्मिथचं नाव सगळ्यांत पहिलं पुकारलं गेलं. आणि ऑस्टिनचं काय? १९६९ चा त्यांचा राष्ट्रीय विजेता संघ पहिल्या खेळाडूपासून शेवटच्यापर्यंत गोरा होता.

त्याच बोमाँटचा जेरी लव्हायस मात्र टेक्सासमध्येच राहिला. डॅलसच्या एसएमयू (सदर्न मेथडिस्ट) विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली, त्या भागातल्या स्पर्धा-गटात शिष्यवृत्तीवर घेतलेला तो पहिला काळा खेळाडू. त्याच्या आजीने त्याला २३ नंबरची जर्सी घ्यायला लावली. बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्रावरून, ज्यात मृत्यूच्या छायेच्या दरीतून चालतानाही भीती नाही असं म्हटलंय. आजीने नातवाला नंबर द्यावा आणि तो असा! धमक्या आल्या, १९६८ मध्ये तर एका सामन्यात समोरचा खेळाडू त्याच्यावर थुंकला. त्याच सामन्यात लव्हायसने समोरच्यांनी लाथेने उडवलेला चेंडू पकडला आणि ८९ यार्ड पळवत गुणरेषेपार नेला.

तर हे काही शिवाजीमहाराजांच्या काळातलं नाही. तुमची शेजारीण चाळिशीची असेल, तर तिची आई तेव्हा शाळेत जात होती. आणि घरात कुठली गोष्ट कशी सांगितली जाते, ते तुम्हाला-मला ठाऊक आहे. आमच्या आजोळी ४८च्या जाळपोळीचा विषय अजून हळू आवाजात निघतो.

मिसिसिपी विद्यापीठाचं उदाहरण घ्या. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला तेव्हा आवारात दंगल झाली, दोन माणसं मेली. त्यानंतर पस्तीस वर्षांनीही सामन्याला प्रेक्षक गुलामगिरीवाल्या दक्षिणेचा झेंडा फडकवत होते. १९९७ मध्ये विद्यापीठाने स्टेडियममध्ये काठ्या आणायला बंदी घातली. काठीच नाही तर झेंडा कशाला लावणार? बंदीमागे मोठा हात कोचचा होता. या झेंड्यांमुळे चांगली पोरं आपल्याकडे येत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. म्हणजे कुणा पोराची आई झेंडा बघून आल्या पावली परत गेली असणार. माणुसकीने जे झालं नाही ते स्पर्धेने झालं. २०२० मध्ये त्याच राज्यातल्या मिसिसिपी स्टेटच्या कायलिन हिलने जाहीर केलं, राज्याच्या झेंड्यावरचं त्या जुन्या दक्षिणेचं चिन्ह काढा, नाहीतर मी या राज्याकडून खेळणार नाही. काही दिवसांत विधिमंडळाने झेंडा उतरवला. दडपण त्याच्या एकट्याचं नव्हतं, पण विशीतल्या पोराचा शब्द असा वजनदार झाला होता खरा.

रंगाचा आणखी एक प्रकार जरा बारीक आहे. क्वार्टरबॅक म्हणजे मैदानावर डाव आखणारा, चेंडू फेकणारा. ही 'डोक्याची' जागा म्हणून वर्षानुवर्षं गोऱ्यांना. काळ्या क्वार्टरबॅकला कॉलेजात नेऊन गुपचूप दुसऱ्या जागी ढकलायचं, कारण तू वेगवान आहेस! फ्लोरिडाच्या लमार जॅक्सनला असंच इतर जागांसाठी मागणारी कॉलेजं होती. वडील तो आठ वर्षांचा असताना वारलेले. आई फेलिशिया जोन्स हिने लुईव्हिलच्या कोचकडून शब्द घेतला की मुलगा खेळेल तर क्वार्टरबॅक म्हणूनच. २०१६ मध्ये त्याला कॉलेज फुटबॉलचा सर्वांत मोठा पुरस्कार, हाइजमन, मिळाला आणि तोही क्वार्टरबॅक म्हणून. एवढं होऊनही व्यावसायिक संघ निवडायच्या वेळी 'हा रिसीव्हर (फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणारा) म्हणून बरा' म्हणणारे निघालेच.

हे अजून चालू आहे का? २०२४ च्या मार्चमध्ये फ्लोरिडा विद्यापीठाने वर्णसमानतेचं खातं बंद केलं, तेव्हा एनएएसीपी या काळ्यांच्या जुन्या संघटनेने खेळाडू मुलांना त्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत जाण्याचा फेरविचार करा असं आवाहन केलं. त्याआधी काही आठवडे अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या महापौरांनी आपल्याच राज्याला तसाच इशारा दिला होता : अशी खाती बंद करायचा कायदा केलात तर काळ्या पालकांना सांगेन, मुलं बाहेर पाठवा. लाखभर माणसं बसतील असे स्टेडियम, कोचचे पगार राज्यपालाच्या कितीतरी पट आणि ती गर्दी ज्यांना बघायला येते त्यांत निम्म्याच्या आसपास काळी पोरं. आया हा हिशेब करतात.

एक आई मी जवळून पाहिली. माझ्याच विद्यार्थ्याची. स्कूलबस चालवायची, म्हणून तुम्हाला ती आवडेल. समुपदेशकाच्या खोलीत कोच, ती, मुलगा आणि कोपऱ्यात मी, कारण पोराचं बीजगणित लोंबकळत होतं. ती पिवळं जॅकेट न काढताच बसली आणि पर्समधून एक गुंडाळी झालेली वही काढली. प्रश्न नंबर घालून लिहिलेले. गुडघा गेला तर शिष्यवृत्ती राहील का, ते कुठल्या ओळीत लिहिलंय ते दाखवा. (चांगला प्रश्न. १९७३ नंतर कित्येक वर्षं शिष्यवृत्ती वर्षावर्षाची असे, पुढच्या वर्षी द्यायची की नाही हे कॉलेज ठरवी.) संघात काळी मुलं किती ते टीव्हीवर दिसतं, पदवी घेऊन किती बाहेर पडली? रात्री पोलिसांनी गाडी थांबवली तर याने कुणाला फोन करायचा, त्याचा नंबर इथे लिहा. कोचने लिहिला. मग तिने विचारलं, "तुमच्या गावात याचे केस कोण कापेल?"

कोच हसला. ती हसली नाही. मग त्याने सांगितलं की काळ्या मुलांचे केस कापता येणारा न्हावी आहे, पण पुढच्या गावात, चाळीस मैलांवर. तिने वहीत '४०' लिहिलं आणि भोवती गोल काढला.

तिने तिथे सही केली नाही. मुलगा दुसऱ्या, लहान कॉलेजात गेला, टीव्हीवर न दिसणाऱ्या. दोन महिने तो आईशी धड बोलत नव्हता, आणि वर्गात माझ्याशीही नाही, जणू मीच वही दिली होती. खरं सांगू? तेव्हा मला ती बाई वेडी वाटली होती. न्हाव्यापायी एवढी संधी! मग एका डिसेंबरात मी मिनेसोटात मैत्रिणीकडे गेले होते. तिथल्या दुकानात मी आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत एक माणूस माझ्या मागे मागे हिंडत होता. मी तिथे फक्त मोजे घेतले, अर्ध्या तासात बाहेर. त्या पोराला चार वर्षं काढायची होती. तरी तो बरोबर होता की ती, याचा निकाल मला लावता येत नाही. तिथे राहायचं त्याला होतं, हेही खरंच. आईने विचारावं सगळं, निवडावं पोराने, असं मी म्हणेन. पण माझ्या लेकीचं लग्न मी कसं ठरवलं ते माझ्या घरच्यांना विचारू नका.

आणि जावयांना एक विचारा, माझं नाव सांगून. घर घेताना त्यांनी शाळेचं रेटिंग बघितलं असेल. दहापैकी नऊ का आठ? त्या शाळेत कुठल्या रंगाची मुलं जास्त आहेत, हेही तेव्हा बघितलं होतं का? मी घर घेताना बघितलं होतं, म्हणून विचारते. कुणापाशी कबूल केलं नाही एवढंच.

आता लाडू. आज संध्याकाळीच जा, पण नर्सबाईंची रात्रपाळी नाही ना ते आधी बघा. डबा स्टीलचा नेलात तर परत द्यायला त्या येतीलच. काजू घातले असतील तर दारातच सांगा, इथे अ‍ॅलर्जीचं फार असतं. टोपीचा विषय तुम्ही काढू नका. पोरगा दार उघडेल तर त्याला दोन जास्त द्या. त्याच्या वयाला आणि वजनाला एका लाडवाने काही होत नाही.