चित्रकार मोनेला उघड्यावर चित्रं काढायला शिकवणारा यूजेन बूदँ कोण होता? तो स्वतः मागे का राहिला?

मागे राहिला हे अर्धंच खरं. त्याला उशीर झाला, आणि त्यानं चित्रंही बहुतेक लहान काढली.

जन्म 12 जुलै 1824, फ्रान्समध्ये सेन नदीच्या मुखाशी असलेल्या आँफ्लर बंदरात. बाप खलाशी, आणि पोरगाही लहानपणी बोटीवर हरकाम्या. 1835 मध्ये घर पलीकडच्या काठावर, ल आव्रला हललं. तिथे आधी छापखान्यात आणि कागदाच्या दुकानात नोकरी केली, मग 1844 पासून भागीदारीत स्वतःचं दुकान काढलं. माल म्हणजे कागद, रंग आणि चित्रांच्या चौकटी. किनाऱ्यावर येणारे त्रॉयाँ, मिले यांच्यासारखे चित्रकार तिथे गिऱ्हाईक म्हणून यायचे. त्यांची चित्रं तो दुकानात मांडायचा, आणि आपली त्यांना दाखवायचा. थोडक्यात, पहिलं कलाशिक्षण गल्ल्यावर झालं. पुढे दुकान सोडलं. 1851 मध्ये ल आव्र शहरानं पॅरिसला शिकायला 3 वर्षांची शिष्यवृत्ती दिली. त्या काळात त्यानं तिथल्या लूव्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या प्रती केल्या, पण जीव रमला तो आपल्या किनाऱ्यावरच.

त्याचं खरं काम आकाशाचं. ढगाचा आकार आणि उजेड काही मिनिटांत पालटतो. तेवढ्यात तैलरंग कालवून, थर देऊन होत नाही, म्हणून त्यानं पेस्टल धरलं: रंगीत कागद, कोरडी कांडी, बोटानं पुसून घेतलेल्या कडा. कागदावर तो तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशाही लिहून ठेवी. ही नोंद फार कामाची. संध्याकाळच्या आकाशाखाली दुपारच्या सावल्या पडल्या की चित्र खोटं दिसतं, आणि का ते बघणाऱ्याला सांगता येत नाही. 1859 मध्ये कवी बोदलेअरनं ही पेस्टलं पाहिली आणि लिहिलं की नोंद हातानं झाकली तरी ऋतू, वेळ आणि वारा ओळखता येतो. त्याच वर्षी पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनात, बूदँचं पहिलं चित्र लागलं. वय 34.

मोने तेव्हा ल आव्रमध्ये व्यंगचित्रं विकणारा पोरगा होता, आणि ती त्याच जुन्या दुकानाच्या खिडकीत लागत. बूदँची चित्रं त्याला आधी मुळीच आवडत नव्हती! 1858 मध्ये बूदँ त्याला शहराबाहेर घेऊन गेला. जागेवर मारलेले तीन फटकारे खोलीतल्या दोन दिवसांच्या कामाहून मोलाचे, हा बूदँचा आग्रह मोनेनं उचलला.

1862 पासून त्याच्या चित्रांत त्रूव्हिल या किनाऱ्यावरच्या गावातली, वाळूवरची मंडळी आली. 1863 मध्ये पॅरिसहून रेल्वे तिथपर्यंत पोचली आणि किनारा शौकिनांनी भरला. ही चित्रं बघताना आधी क्षितिज बघा. ते इतकं खाली असतं की पाऊण चित्र कधीकधी आकाशच खातं. माणसं मधोमध आडव्या पट्टीत, चेहरे जवळपास नाहीत, एखादा तांबडा किंवा पांढरा ठिपका मात्र नेमक्या जागी. पेन्सिल आणि जलरंगाची टिपणं वाळूवर व्हायची, लाकडी फळ्यांवरची पुष्कळ चित्रं हिवाळ्यात स्टुडिओत पुरी व्हायची. म्हणजे ‘सगळं उघड्यावर’ ही समजूत बूदँच्या बाबतीतही पूर्ण खरी नाही. 1867 मध्ये फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातून परतल्यावर ही नटवी गर्दी त्याला सोंगासारखी वाटू लागली. पुढे धुणं धुणाऱ्या बायका, गुरं आणि बंदरं जास्त आली, माझ्या मते ती जास्त चांगलीही आहेत.

1874 च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट (क्षणाचा उजेड टिपणाऱ्या, मोनेसारख्या चित्रकारांच्या) प्रदर्शनात तो होता, नंतरच्यांत नाही. पैशाची चणचण 1881 मध्ये विक्रेता द्यूराँ-र्युएल नियमित चित्रं घेऊ लागला तेव्हा सुटली. 1883 मध्ये त्यानंच बूदँचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. 1892 मध्ये सरकारी सन्मान आला, पण बायको 1889 मध्येच गेली होती. 8 ऑगस्ट 1898 रोजी दोव्हिलच्या घरी तो वारला.

स्टुडिओत उरलेलं पुष्कळ काम भाऊ लुई यानं 1900 मध्ये ल आव्रच्या संग्रहालयाला दिलं. ढगांचे अभ्यास बघायचे तर तिथे, आणि आँफ्लरच्या त्याच्याच नावाच्या संग्रहालयात. सहीऐवजी ‘ई. बी.’ असा शिक्का दिसला, तर तो मृत्यूनंतर मारलेला समजा.