नक्कल बंद केलेला मुलगा

"मॅडम, ख्रिस्ती माणसानं थट्टामस्करी करावी की नाही, ते एकदा सांगून टाका."

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसल्या बसल्या त्यानं हेच विचारलं. हा विषय माझ्याकडे वरचेवर येतो, पण बहुधा आईवडील घेऊन येतात: पोरगं फार पोरकट आहे, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शोभत नाही. इथे उलटंच. सोबतची आई म्हणाली, "चार महिने झाले, घरात हसलेला नाही हा. आधी याच्या बडबडीनं माझं डोकं उठायचं." (परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय सत्तावीस. तरुण संघाचा सेक्रेटरी, शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या बायबल वर्गातल्या, मुलांचा लाडका. नाताळच्या कार्यक्रमात त्यानं मंडळीतल्या एका वयस्कर गुरुजींची नक्कल केली. गुरुजी बोलताना अडखळतात; 'हे स्वर्गीय पित्या' म्हणेपर्यंतच त्यांची दमछाक होते. लोक हसून लोळले. गुरुजीही हसले. पण पुढच्या रविवारी ते प्रार्थना करायला उभे राहिले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एका पंचांनी याला बाजूला घेऊन बायबलमधल्या पौलाच्या इफिसकरांस पत्रातलं वचन ऐकवलं, बाष्कळ गोष्टी आणि टवाळी नको म्हणणारं, आणि वर "आता तरी मोठा हो." झालं, यानं विनोदच सोडला. शब्बाथ शाळेतली पोरं त्याला बिचकायला लागली.

माझीही चूक सांगते. पहिल्या भेटीत मी त्याला घाईघाईनं मोकळं करायला गेले. म्हटलं, अरे, बायबलमधल्या साराच्या मुलाचं नावच इसहाक, म्हणजे 'तो हसतो'. पौल ज्या टवाळीबद्दल लिहितो तिच्या आगेमागे जारकर्म आणि अमंगळपणाचा विषय चालला आहे, नाताळच्या नाटुकल्याचा नाही. सगळं खरं, पण त्याचा चेहरा काही खुलेना. मी पौलाची बाजू मांडत बसले होते आणि त्याच्या डोळ्यांपुढे गुरुजी होते.

दुसऱ्या भेटीत बायबलमधल्या नीतिसूत्रांचा सव्विसावा अध्याय काढला. शेजाऱ्याला फसवून 'मी थट्टा केली' म्हणणारा माणूस तिथे कोलितं फेकणाऱ्या वेड्याच्या पंगतीला बसवला आहे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यांना लागेल हे मला कळत होतं, मॅडम. पण हॉल हसत होता ना."

खरं काम इथून सुरू झालं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या: माणसं जोडणारा, अवघड काळात स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि लोकांना हसवायला स्वतःलाच तुडवणारा. मी त्याला वही दिली. आठवडाभर जे गमतीचं सुचेल ते लिही, बोललास तरी, गिळलंस तरी. आणि पुढे लिही, कुणाच्या जिवावर.

वही बघून तोच चकित. बरंचसं निरुपद्रवी होतं: एसटीची गर्दी, आईचा हरवलेला चष्मा. टोचणारं थोडं. पण कुणी वारलेल्या वडिलांचा किंवा सुटलेल्या नोकरीचा विषय काढला की दरवेळी याचा विनोद तयार. "तिथं हसवलं की पुढचा प्रश्न येत नाही," तो म्हणाला. पंचांना त्याचा पोरकटपणा नकलेत दिसला. मला तो या पळण्यात दिसला.

गंभीर चेहरा म्हणजे पोक्तपणा असं ज्यांना वाटतं त्यांना मी लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणी वाचायला लावते. याच साताऱ्यात त्यांचे पती, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक यांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. असल्या मनस्वी नवऱ्याबरोबरच्या संसारावर बाई मनसोक्त हसतात, आणि स्वतःची फजिती सांगताना हात आखडत नाहीत. यालाही वाचायला दिलं.

गुरुजींकडे जा, असं मी सांगितलं नव्हतं. तो आपणहून सदर बझारात त्यांच्या घरी गेला. तिथेही काहीतरी गमतीचं बोलून सुरुवात करणार होता, जीभ आवरली. "गुरुजी, मी तुमच्या बोलण्याची चेष्टा केली. चुकलो." गुरुजी काहीच बोलले नाहीत, चहा टाकायला आत गेले. कप हातात देताना त्यांनी नोकरीचं विचारलं. यानं या वेळी खरं ते सांगितलं.

गुरुजी अजून प्रार्थनेला उठत नाहीत. त्याला ते खुपतं, आणि ते खुपणं काढून टाकायच्या भानगडीत मी पडले नाही. शब्बाथ शाळेत मात्र परवा त्यानं माशानं गिळलेल्या योनाची गोष्ट करून दाखवली. मुलांनी दोनदा पुन्हा करायला लावली म्हणे.

"मासा कोण झालं होतं?" मी विचारलं.

"पंचांचा नातू."