जुनी मिड-सेंच्युरी आरामखुर्ची आणि 'ओरिजिनल' लिथोग्राफ घ्यायच्या आधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की नवीन घराचा हॉल रिकामा आहे, 1960च्या आसपासची, मिड-सेंच्युरी म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातल्या स्टाइलची म्हणून एक सागवानी आरामखुर्ची मिळतेय, तिचे बसायचे पट्टे गेलेत आणि शिक्का कुठेच नाही, तर ती घ्यावी का. शिवाय ती विकणारा माणूसच एक 'ओरिजिनल लिथोग्राफ', म्हणजे दगडावर किंवा पत्र्यावर काढून छापलेलं चित्र, देतोय तो खरा कसा ओळखायचा, आणि सगळा हॉल त्याच स्टाइलमध्ये करावा का. मी धंद्याने या लाइनमधला नाही, पण बरीच वर्षं जुन्या खुर्च्या, कपाटं स्वतः खोलून दुरुस्त करतोय, त्यातून जे कळलं ते लिहितो.

सगळ्यात आधी खुर्ची पालथी घाला. खरंच, समोरून बघण्यात वेळच घालवू नका कारण समोरची बाजू पॉलिश मारून कशीही करता येते, खालच्या बाजूला मात्र कोणी एवढे कष्ट घेत नाही. साठ वर्षं हवा लागलेलं उघडं लाकूड एकसारखं काळपट होत नाही. जिथे पट्टा किंवा लोखंडी पट्टी बसलेली होती तिथे ती काढल्यावर खाली फिकट सावली राहते, कडा स्पष्ट दिसते. खालून सगळीकडे एकच तपकिरी रंग असेल तर तो वयाचा नाही, डब्यातला आहे. मग स्क्रू बघा. फिलिप्स म्हणजे चौफुलीचा स्क्रू दिसला की माल नकली असं बरेच जण ठोकून सांगतात, ते चूक आहे, फिलिप्स स्क्रू 1930च्या दशकापासून वापरात आहे. सहा टोकांच्या ताऱ्याचा टॉर्क्स स्क्रू मात्र 1967 साली आला, तेव्हा 1960च्या खुर्चीत तो दिसला तर ती नंतर कोणीतरी खोललीये किंवा मुळात नवीनच आहे.

शिक्का नाही याचं फार टेन्शन घेऊ नका. त्या काळात कितीतरी छोट्या वर्कशॉप्सनी चांगलं काम केलं आणि नाव टाकलं नाही, काहींनी कागदी लेबल चिकटवलं जे केव्हाच गळून गेलं. उलट नुसत्या शिक्क्यावर पैसे मोजणं जास्त धोक्याचं, कारण शिक्का मारायला काय लागतं. चंदीगडसाठी पिएर जानरे या स्विस वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली ज्या साग आणि वेताच्या खुर्च्या बनल्या त्यांच्यावर ऑफिसचं नाव आणि नंबर रंगाने लिहिलेले असत, पुढे त्या भंगार म्हणून लिलावात गेल्या आणि परदेशात प्रचंड किमतीला विकल्या जायला लागल्यावर नकली खुर्च्यांवरही तसेच नंबर यायला लागले. म्हणजे लोक सगळ्यात आधी जे बघतात तेच सगळ्यात आधी नकली बनतं. त्यापेक्षा सांधे बघा. हात जिथे मागच्या पायाला मिळतो तिथे दोन लाकडं एकमेकांत उतरवलीत का नुसती टेकवून स्क्रू मारलाय, हाताच्या खालच्या बाजूलाही गोलाई दिलीये का फक्त वरून दिसते तेवढीच. खालून बोट फिरवा. चांगल्या कारागिराने जिथे तुमची बोटं वळणार तिथेही लाकूड घासलेलं असतं, आणि ते कळायला एक सेकंद लागतो.

आता पट्टे. त्या काळच्या आरामखुर्च्यांमध्ये आणि सोफ्यांमध्ये उशीखाली स्प्रिंगच्या जागी रबराचे पट्टे ताणून बसवायचे, खाटेला नवार विणतात तशीच कल्पना. पिरेली कंपनीचे पट्टे त्यात खूप वापरले गेले. रबर काही वर्षांनी कडक होतं, तडकतं, लोंबतं, तो मालाचा दोष नाही, ते वयच आहे. नवीन पट्टे मिळतात आणि एका दुपारचं काम आहे, त्यामुळे या एका कारणावरून खुर्ची नाकारू नका, भाव करताना मात्र जरूर बोला. उशीतला जुना फोमही एव्हाना पिवळा भुगा झालेला असणार, तोही बदलायचा असं धरूनच चला.

रबरावरून आठवलं. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याची 1956ची लाउंज चेअर तुम्ही फोटोत बघितलीच असेल, वाकवलेलं प्लायवूड आणि वर काळं चामडं. तिच्या पाठीचं प्लायवूड रबराच्या जाड चकत्यांवर टांगलेलं असतं आणि त्या चकत्या लाकडाला चिकटवलेल्या असतात म्हणून बाहेरून पाठीवर एकही स्क्रू दिसत नाही. दिसायला सुंदर, पण ते रबर म्हातारं झालं की माणूस मागे रेलला असताना पाठच सुटू शकते आणि तेव्हा प्लायवूडही चिरतं. जुनी लाउंज चेअर घेणाऱ्याने चामड्याच्या आधी या चकत्या तपासायच्या. आणि सुरुवातीच्या खुर्च्यांवर ब्राझिलियन रोझवूडचं व्हीनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, आहे, 1992 पासून ते झाड साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सगळ्यात कडक यादीत आहे, त्यामुळे कागदपत्रांशिवाय अशी वस्तू एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाही.

ही सगळी शैली आली कुठून हे माहीत असलं की तपासायलाही सोपं जातं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्लायवूड वाकवण्याचं, फायबरग्लासचं, नव्या गोंदांचं तंत्र भराभर पुढे गेलं, ईम्स दांपत्याने तेव्हा अमेरिकन नौदलासाठी जखमी सैनिकांच्या पायाला बांधायच्या प्लायवूडच्या फळ्या बनवल्या आणि तोच अनुभव पुढे खुर्च्यांमध्ये उतरला. डेन्मार्कमध्ये मात्र सुतारकामाची परंपरा घट्ट होती, म्हणून तिथला डिझायनर हान्स वेग्नर याची 1949ची विशबोन खुर्ची बघितली तर तिची बैठक आजही हाताने विणतात, साधारण 120 मीटर कागदी दोरी लागते एका खुर्चीला. कागदाची दोरी म्हटल्यावर लोक घाबरतात पण ती पीळ दिलेली, घट्ट असते आणि वर्षानुवर्षं टिकते, आणि तुटली तर पुन्हा विणता येते. मला या काळातल्या वस्तूंबद्दल जे प्रेम आहे ते इथेच आहे, नीट केलेली वस्तू खोलता येते आणि परत जोडता येते.

एक चूक मात्र माझ्या हातून झालीये ती तुम्ही करू नका. एक सागवानी साइडबोर्ड आणला होता, वर पाण्याच्या ग्लासांचे पांढरे गोल डाग. म्हटलं काचपेपरने घासू, पुन्हा तेल लावू. मधला भाग छान निघाला, मग कडेला आलो आणि दोनच हात मारले असतील, सागाच्या रेषा एकदम गायब झाल्या आणि खालून दुसरंच फिकट लाकूड वर आलं. व्हीनियर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं आणि कडेला हाताचा दाब आपोआप जास्त पडतो. ते परत आणता येत नाही, रंग लावून लपवता येतं फक्त. त्या काळातलं बहुतेक मोठं सामान व्हीनियरचंच आहे आणि त्यात काही कमीपणा नाही, रुंद फळी उन्हापावसात वाकते, व्हीनियर लावलेली सपाट राहते. पण काचपेपर हातात घ्यायच्या आधी कड बघा, वरच्या रेषा कडेवरून खाली उतरतात का तिथे एक बारीक वेगळा थर दिसतो. पांढरा डाग असेल तर तो बहुतेक वेळा वरच्या पॉलिशमध्येच असतो, लाकडात नाही, आधी मऊ फडक्याने थोडं तेल चोळून रात्रभर ठेवा. व्हीनियरला फुगा आला असेल आणि खाली जुना सरस असेल तर मधे कापड घालून कोमट इस्त्रीने दाबलं की बसतो, कारखान्यातला रेझिनचा गोंद असेल तर नाही बसत. आणि हो, बारीक भोकं दिसली तर खुर्ची पांढऱ्या कागदावर ठेवून आठवडाभराने बघा. ताजा भुसा पडला असेल तर किडा आत जिवंत आहे, घरात आणू नका.

लिथोग्राफचं सांगतो. दहापट दाखवणारं एक भिंग घ्या आणि चित्राचा सलग रंगाचा भाग बघा. छोट्या छोट्या रंगीत ठिपक्यांची फुलं फुलं एका ओळीत दिसली तर ते ऑफसेट छपाईचं आहे, म्हणजे मासिकात छापतात तसं, खाली सही असली तरी. खऱ्या लिथोग्राफमध्ये दगडावर किंवा पत्र्यावर काढलेल्या खडूचा किंवा शाईचा अनियमित दाणा दिसतो, ठिपक्यांची रांग नाही. सही पेन्सिलने वेगळी केलेली असते का चित्रासोबतच छापलीये हेही भिंगात लगेच कळतं, पेन्सिल कागदावर चमकते. 12/100 असा आकडा असेल तर त्याचा अर्थ शंभर प्रतींतली ती बारावी, एवढाच, तो आकडा कोणीही लिहू शकतो म्हणून त्याच्या एकट्यावर विश्वास नको. मग फ्रेम उलटी करा, मागचा पुठ्ठा काढू देतायत का विचारा. चित्राभोवतीच्या माउंटची आतली कड तपकिरी झाली असेल तर तो आम्ल असलेला स्वस्त पुठ्ठा आहे, तो कागदालाही जाळत असतो, घरी आणल्यावर आधी तोच बदला आणि चित्र काचेला चिकटणार नाही असं बघा. थेट ऊन पडणारी भिंत टाळा, कागदावरचे रंग गेले की गेले. कॅनव्हास असेल तर मागे लाकडी चौकटीच्या कोपऱ्यात छोट्या पाचरी असतात, त्या ठोकून कापड ताणता येतं, पण पुढून ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, ते काम जाणकारांचं.

सगळा हॉल एकाच स्टाइलमध्ये करावा का, तर माझं मत 'नको' असं आहे. तो शोरूमसारखा दिसतो आणि 1958 साली कोणाचंच घर तसं नव्हतं, आजीचं कपाट, जुनी पेटी, असं सगळं मिसळलेलंच असायचं. एक खुर्ची आणा, तिच्या शेजारी एक चांगला दिवा. दिव्यावर खर्च केलेला जास्त दिसतो असा माझा अनुभव आहे, डॅनिश डिझायनर पॉल हेनिंग्सनचा पीएच 5 हा 1958चा लटकता दिवा बघा, कुठल्याही बाजूने बल्ब डोळ्यात येत नाही, सगळा प्रकाश टेबलावर. जुना दिवा घेतलात तर वायर आणि प्लग न विचारता बदला. चित्र लावताना त्याचा मध्य जमिनीपासून साधारण 145 सेंटीमीटरवर येऊ द्या, बहुतेक घरांत चित्रं फार उंच लावलेली असतात.

तर तुमची खुर्ची. पट्टे गेलेत म्हणून थांबू नका, शिक्का नाही म्हणूनही नाही. उशी काढून पालथी घाला, दोन्ही हातांनी पाठ आणि पुढचा पाय धरून उलटसुलट पीळ द्या. नुसती डुगडुगली तर सांध्यातला गोंद सुटलाय, तो खरवडून पुन्हा भरता येतो. पण पीळ देताना सांध्याजवळ केसासारखी चीर उघडझाप करताना दिसली तर लाकूडच फाटलंय आणि मग ती तिथेच राहू द्या. चीर नसेल तर फळी टाकून वर उशी ठेवा आणि वीस मिनिटं बसा, बोलत बसा त्या माणसाशी. उठावंसं वाटलं नाही तर घ्या. लिथोग्राफ वेगळा ठरवा, दोन्ही मिळून एक भाव सांगितला तर आधी भिंग काढा.