खुला की मुक्त? आणि 'अनुपालन' करायचे म्हणजे काय करायचे?

प्रश्न बडोद्याच्याच एका मुलीचा आहे. ती आणि तिचे सोबती टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांसाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळांसाठी, पात्रांचे तक्ते भरून देणारे सॉफ्टवेअर हौसेने, बिनपैशाचे बनवतात. ती लिहिते, "मराठी पडद्यावर 'ओपन लायसन्स' आणि 'कम्प्लायन्स' यांना काय लिहावे? एकाने 'मुक्त अनुज्ञप्ती अनुपालन' सुचवले. ते वाचून कोणी पुढे वाचेना."

पुढे वाचेना यात त्यांचा दोष नाही. तीन शब्दांत दोन 'अनु' आले की माणसाला आपण कचेरीच्या रांगेत उभे असल्यासारखे वाटते.

'अनुज्ञप्ती' सरकारी मराठीत लायसन्ससाठी रूढ आहे, पण बोलण्यात कोणी वापरत नाही. 'परवाना' फारसीतून आला आणि घरचा झाला. बडोद्यात आणखी पर्याय आहेत, पण प्रत्येकाला काही तरी चिकटलेले आहे. 'परमिट' म्हटले की दारूबंदीच्या या राज्यात डोळ्यांपुढे एकच वस्तू येते. 'रजा' गुजरातीत परवानगी, म्हणून इथे घर बांधायच्या परवान्याला 'रजाचिठ्ठी' म्हणतात. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला मात्र वाटते की कोणी तरी सुट्टीचा अर्ज केला. 'सनद' मला मनापासून आवडतो. वकिलाच्या लायसन्सला मराठीत आजही सनदच म्हणतात. पण सनद एका माणसाच्या नावे असते, आणि तुमचा दस्त तर कोणी न मागता साऱ्या जगाला दिलेला आहे. तेव्हा परवानाच ठेवा.

खरी गाठ 'ओपन'ची आहे. मराठीने इथे एक घोळ करून ठेवला आहे. 'फ्री सॉफ्टवेअर'ला आपण मुक्त म्हणतो आणि 'ओपन सोर्स'लाही मुक्त स्रोत म्हणतो. इंग्रजीत या दोन शब्दांवरून दोन गट पडले. 'फ्री सॉफ्टवेअर' चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांना त्यांच्या कामाला 'ओपन' म्हटलेले मुळीच खपत नाही. त्यांची दुसरी तक्रार अशी की इंग्रजी 'फ्री'चा अर्थ लोक फुकट असा घेतात. ती अडचण आपल्याला नाही, कारण मोफत, फुकट आणि मुक्त हे आपल्याकडे तीन निराळे शब्द आहेत. पण मुक्त आणि खुला यांतला भेद आपणच पुसून टाकला.

वापर पाहा. मुक्तछंद, मुक्त विद्यापीठ, कर्जमुक्त: कसले तरी बंधन सुटले, ही इथली भावना. मुक्तचा विरोधी शब्द बद्ध. उलट खुली स्पर्धा, खुला प्रवर्ग, खुले अधिवेशन: इथे कोणीही आत यावे, एवढेच. आणि खुल्याचा रोजच्या बोलण्यातला विरोधी शब्द कोणता? राखीव. ही जोडी सांगायला मराठी माणसाला कोश लागत नाही. कॉलेजचे प्रवेश आणि निवडणुकांतले वॉर्ड यांनी ती पाठ करून घेतली आहे.

तुमच्या खेळांच्या परवान्यात नेमकी हीच जोडी आहे. २००० साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने 'ओपन गेम लायसन्स' काढले, त्यात मजकुराचे दोन भाग केलेले आहेत. एक 'ओपन गेम कंटेंट': फासा कसा टाकायचा, जखम किती धरायची, जादूचा मंत्र किती वेळ टिकतो, असले नियम. ते कोणीही उचलावे. दुसरा 'प्रॉडक्ट आयडेंटिटी': नावे, चिन्हे, कथा, चित्रे, यांना हात लावायचा नाही. याचे 'उत्पादन ओळख' असे भाषांतर मी पाहिले, आणि त्यावरून ती वस्तू दाखवायची आहे की लपवायची तेच कळेना. 'खुला मजकूर' आणि 'राखीव मजकूर' म्हणा. त्या कंपनीने खुल्या केलेल्या नियमसंग्रहात शेकडो राक्षस आले, पण 'बिहोल्डर' आणि 'माइंड फ्लेअर' राखीव राहिले.

कधी कधी एकाच नोंदीत दोन्ही असतात, नियम खुला आणि नाव राखीव. पीसीजेन नावाचे, तुमच्यासारखेच पात्रांचे तक्ते करणारे, स्वयंसेवकांनीच जावा भाषेत बनवलेले जुने सॉफ्टवेअर आहे. त्यातल्या माहितीच्या फायलींत 'नेम-इज-पी-आय : येस' अशी एक खूण लिहिण्याची सोय केलेली आहे, म्हणजे या ओळीचे नाव राखीव समजावे (पी-आय म्हणजे प्रॉडक्ट आयडेंटिटी). त्यांच्या आज्ञावलीचा (प्रोग्रामचा) परवाना वेगळा आणि नियमांच्या माहितीचा वेगळा. माहिती साध्या मजकुराच्या फायलींत ठेवलेली, कोणालाही उघडून वाचता येईल अशी. परवान्याचे आठवे कलम सांगते की खुला भाग कोणता ते स्पष्ट दाखवा. छापील पुस्तकात राखाडी चौकट केली की भागते. सॉफ्टवेअरच्या पोटात गेलेला नियम कोणाला कसा दिसणार? (मुक्त शब्द वापरायचाच असेल तर तो आज्ञावलीच्या परवान्याला वापरा. तिथे तो शोभतो.)

आता 'कम्प्लायन्स'. 'अनुपालन अहवाल सादर करावा' असे परिपत्रकात वाचून वाचून त्या शब्दातले पाळणेच निघून गेले आहे. 'पूर्तता'ही नको. पूर्तता एकदा होते आणि संपते. कागदपत्रांची पूर्तता केली, सुटलो. तुमच्या अटी तशा नाहीत. प्रत्येक प्रतीसोबत परवान्याचा पूर्ण मजकूर द्यायचा. पंधराव्या कलमात, जिथून जिथून उचलले त्या सगळ्यांच्या हक्कसूचना जशाच्या तशा उतरवायच्या आणि खाली आपली जोडायची. नवे पुस्तक घेतले की यादी वाढली. हे मधुमेहाच्या पथ्यासारखे आहे, रोजचे. म्हणून क्रियापद 'पाळणे'च हवे.

नामच हवे असेल तर आपल्या जमीनमहसुलाकडे पाहा. नवी शर्त, जुनी शर्त, शर्तभंग हे शब्द महाराष्ट्रात चालतात आणि थोड्या फरकाने गुजरातेतही चालतात. शर्तभंग म्हणजे जमीन ज्या अटीवर दिली ती मोडली. मग 'शर्तपालन' का नको? शब्द मी जोडला आहे, पण शर्तभंग माहीत असलेल्याला तो समजावून सांगावा लागणार नाही. शर्तभंग झाल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत सुधारला नाही, तर ओपन गेम लायसन्स संपते, हेही त्या शब्दासोबत सहज सांगता येते.

आणखी एक शब्द तुम्ही विचारला नाही, पण अडणार आहे. त्या लायसन्समध्ये 'पर्पेच्युअल' आहे, 'इर्रिव्होकेबल' नाही, म्हणजे त्याला मुदत नाही, पण तो मागे घेणार नाही असेही म्हटलेले नाही. जानेवारी २०२३ मध्ये कंपनी हा परवाना बदलू पाहते आहे असे बाहेर आले, तेव्हा सारा गदारोळ याच फटीतून झाला. अखेर २७ जानेवारीला कंपनीने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या, श्रेय देऊन कोणीही वापरावे अशा परवान्याखाली दिले, आणि त्यात मागे न घेण्याचे वचन स्पष्ट आहे. जुन्या इनामपत्रांत 'आचंद्रार्क' लिहीत, चंद्रसूर्य असेपर्यंत. चंद्रसूर्य आहेत, इनामे गेली. तेव्हा 'पर्पेच्युअल'ला 'कायमचा' लिहा आणि दुसऱ्याला 'मागे न घेता येणारा'. कायद्याच्या हिंदीत त्याला 'अप्रतिसंहरणीय' म्हणतात. तो शब्द तुमच्या पडद्यावर मावणारही नाही.

सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, इथे 'श्रीसयाजीशासनकल्पतरु' हा कारभाराच्या शब्दांचा कोश छापला गेला. एका इंग्रजी शब्दासमोर सात भाषांतले प्रतिशब्द, त्यांत मराठी आणि गुजराती शेजारी शेजारी. बडोद्याच्या माणसाने शब्द शोधताना शेजारच्या रकान्यात डोकावले तर ती चोरी नव्हे. 'शर्त' मी तसाच, दोन्ही रकान्यांत नजर टाकून निवडला आहे.

तुमच्या पडद्यासाठी ओळ अशी घ्या: "या नोंदीतले नियम खुले आहेत, नाव राखीव आहे. शर्तपालनाचा तपशील शेवटच्या पानावर." 'टेबलटॉप'ला मात्र हात लावू नका. आमच्याकडे सारीपाट अजून सतरंजीवरच मांडतात.