दोन बंदरांचे बेट: मोंबासाविषयी वाचकांचे प्रश्न

केनियाच्या किनाऱ्यावरील मोंबासा या शहराच्या इतिहासाविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: नकाशात मोंबासाला 'जुने बंदर' आणि 'किलिंदिनी' अशी दोन बंदरे दिसतात. एवढ्याशा बेटाला दोन बंदरे कशासाठी?

बेट जेमतेम 14 चौरस किलोमीटरचे आहे. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली, तेव्हा इथल्या ओढ्यानद्यांनी प्रवाळाच्या खडकात खोल दऱ्या कोरल्या. पुढे पाणी चढले, दऱ्यांच्या खाड्या झाल्या आणि मधला उंचवटा बेट म्हणून उरला. पूर्वेला ट्यूडर खाडीचे तोंड आहे, तेच जुने बंदर. पश्चिमेला किलिंदिनी आणि तिच्या पोटात पोर्ट राइट्झ.

शिडाच्या गलबताला धक्का लागत नाही, उतरता किनारा लागतो. मोंबासाला मोठ्या उधाणात पाणी साडेतीन मीटरच्या आसपास चढते-उतरते. भरतीला गलबत काठाशी आणायचे आणि ओहोटीत ते कोरडे पडले की तळ खरवडून चुना-चरबीचा लेप द्यायचा. जुन्या बंदरात हे सोयीचे होते आणि गावही त्याच काठावर वसले होते. आगबोट मात्र अशी टेकवता येत नाही. तिला खोल पाणी आणि वळायला जागा हवी. किलिंदिनी या नावातच 'खोल पाणी' आहे. 1896 मध्ये इथून युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले आणि मालाचा ओघ पश्चिमेकडे वळला. तरी कित्येक वर्षे बोटी मध्यावर नांगरून माल मचव्यांनीच काठावर आणला जाई. बोट थेट धक्क्याला लागण्याची सोय झाली ती 1926च्या सुमारास. 1942 मध्ये जपानी आरमाराच्या धास्तीने ब्रिटिशांनी आपला पूर्वेकडचा ताफा इथेच आणून ठेवला होता, यावरून या खाडीची ऐपत कळावी.

जुने बंदर बुजले किंवा गाळाने भरले म्हणून मागे पडले, असे पुष्कळदा वाचायला मिळते. ते खरे नाही. जहाजांची जात बदलली, एवढेच.

प्रश्न: मोसमी वाऱ्यावर व्यापार चाले म्हणजे नेमके कसे? भारतातून मोंबासाला जायला किती दिवस लागत?

दिवस मोजण्याआधी महिना मोजावा लागे. स्वाहिलीत या वाऱ्यांना दोन नावे आहेत. ईशान्येकडून येणारा तो कास्काझी, साधारण डिसेंबर ते मार्च. नैर्ऋत्येकडून येणारा तो कुसी, एप्रिल ते सप्टेंबर. अरबस्तान, कच्छ आणि गुजरातची गलबते कास्काझीवर खाली येत. खजूर, सुकी मासळी, कापड, गालिचे उतरवत आणि हस्तिदंत, धान्य, कांदळाचे वासे भरत. परतीसाठी कुसीची सुरुवात धरायची, म्हणजे एप्रिल-मे. जून-जुलैत हाच वारा इतका उसळतो की भारताच्या पश्चिम किनाऱ्याला लागणे जिवावरचे होते. ज्याची वेळ चुकली तो कुसी ओसरेपर्यंत, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरपर्यंत अडकून पडे. गावात परदेशी व्यापाऱ्यांची घरे, लग्ने आणि उधारी-उसनवारी वाढली, त्यामागे ही सक्तीची वस्तीही आहे.

वेळ साधली आणि चुकली, तर काय फरक पडतो याचे उत्तम उदाहरण वास्को द गामाचेच आहे. 7 एप्रिल 1498 रोजी तो मोंबासाला आला. तिथे संशय आणि चकमक झाल्यावर उत्तरेला मालिंदीला गेला. तिथला वाटाड्या घेऊन 24 एप्रिलला निघाला आणि 20 मेला कालिकतजवळ पोहोचला, म्हणजे 26 दिवसांत. परतताना त्याने कुणाचे ऐकले नाही. 5 ऑक्टोबरला, कास्काझी सुरू होण्याआधीच, कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून नांगर उचलला. आफ्रिकेचा किनारा दिसला तो 2 जानेवारी 1499 रोजी. जवळजवळ तीन महिने निवांत हवा आणि उलटा वारा. स्कर्व्ही या रोगाने 30 माणसे दगावली. उरलेल्यांना तीन जहाजे चालवणे जमेना, म्हणून 'सांव राफाएल' हे जहाज मोंबासाच्या दक्षिणेला जाळून टाकावे लागले.

प्रश्न: तो वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब नौकाशास्त्रज्ञ इब्न माजिद, हे बरोबर ना?

नाही. ते नाव एका अरबी ग्रंथात बऱ्याच दशकांनंतर येते आणि 1498 मध्ये इब्न माजिद बराच म्हातारा असणार. पोर्तुगीज बखरकार वाटाड्याला 'मालेमो काना' किंवा 'कानाका' म्हणतात आणि त्यांच्यातला एक त्याला गुजराती मुसलमान सांगतो. मालेमो म्हणजे मुअल्लिम, कच्छच्या खलाशांचा 'मालम', गलबताला वाट दाखवणारा. 'कानाका' हे बहुधा आपल्या 'गणक' शब्दाचे रूप. म्हणजे हे एका माणसाचे नाव नसून हुद्दा असण्याचीच शक्यता जास्त.

प्रश्न: फोर्ट जीझसला अरबांनी 33 महिने वेढा घातला म्हणतात. समुद्र मोकळा असताना एवढा काळ किल्ला उपाशी कसा राहिला? त्यात वसईच्या जहाजाचा काय संबंध?

मोंबासाचा हा किल्ला पोर्तुगीजांनी 1593 ते 1596 या काळात उभारला. आराखडा जोव्हान्नी बात्तिस्ता कैराती या मिलानच्या वास्तुविशारदाचा. तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा मुख्य वास्तुविशारद होता आणि गोव्यातून काम पाही. किल्ल्याची जागा पाहिली की हेतू कळतो: जुन्या बंदरात शिरणारे प्रत्येक जहाज तोफेच्या माऱ्यातून जाते. पण हाच त्याचा कमकुवतपणाही ठरला. ही जागा बंदर राखते, बेट नाही. बाकीचे बेट आणि पलीकडचा किनारा ज्याच्या हाती, तो किल्ल्याचा बाजारहाट बंद करू शकतो.

13 मार्च 1696 रोजी ओमानच्या अरबांचे सैन्य उतरले तेव्हा नेमके हेच झाले. गावातले शेकडो स्वाहिली लोक बायकामुलांसह किल्ल्यात शिरले होते, म्हणजे खाणारी तोंडे आधीच जास्त. पिण्याचे पाणी टाक्यांत होते, धान्य मात्र बाहेरून यायला हवे. कुमक यायची गोव्याहून, आणि ती वाऱ्याच्या वेळापत्रकाने. वर्षातले काही महिनेच गलबत खाली येऊ शके. निरोप जायचा, मंजुरी व्हायची, ताफा सजायचा, तोवर हंगाम निघून जायचा. डिसेंबर 1696 मध्ये कुमक आली, पण लगेच रोगराई पसरली आणि नव्याने आलेलेही मेले. तोफांपेक्षा जास्त माणसे साथीने आणि उपासमारीने गेली.

सप्टेंबर 1697 मध्ये पुन्हा ताफा आला. त्यात 'सांतो अँतोनियो दी तान्ना' हे जहाज होते. ते 1681 मध्ये वसईला बांधलेले, आणि नावातले 'तान्ना' म्हणजे आपले ठाणे. ऑक्टोबर 1697 मध्ये नांगराचे दोर तुटून ते वाहत गेले, सुकाणू मोडले आणि किल्ल्याच्या समोरच बुडाले. 13 डिसेंबर 1698 रोजी ओमानी किल्ल्यात घुसले तेव्हा लढणारे मूठभरच उरले होते. काही दिवसांनी गोव्याचा आणखी एक ताफा आला, तटावरचे ओमानींचे तांबडे निशाण पाहून तसाच निघून गेला.

जहाजाचे अवशेष 1977 ते 1980 या काळात पुरातत्त्वज्ञांनी पाण्यात बुड्या मारून उकरून नोंदवले. गाळाखाली हवा पोहोचत नसल्याने सागवान टिकले. सांगाडा वर काढला नाही आणि तो निर्णय योग्यच होता: तीनशे वर्षे भिजलेले लाकूड नुसते वाळवले तर आक्रसते आणि तडकते. ते टिकवायचे तर वर्षानुवर्षे रसायनात बुडवून ठेवावे लागते. सापडलेल्या वस्तू किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत. 1895 ते 1958 पर्यंत हाच किल्ला तुरुंग होता. 2011 मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला.

प्रश्न: जुन्या मोंबासातली घरे अरुंद खोल्यांची का असतात?

वाशांमुळे. छताला कांदळाचे वासे (स्वाहिलीत 'बोरिती') घालत. त्यांची उपयोगी लांबी अडीच ते तीन मीटरच भरते, म्हणून खोलीची रुंदीही तेवढीच. लांबी हवी तितकी वाढवता येते. त्यामुळे खोली बोळासारखी लांबट होते. वाशांवर प्रवाळाच्या चिपा आणि चुन्याचा जाड थर.

दगड दोन प्रकारचा. जमिनीवरचा जुना, भरड प्रवाळ भिंतींना. समुद्रातून ताजा काढलेला, ओला असताना सुरीने कापला जाणारा प्रवाळ कोनाडे आणि नक्षीला. चुनाही प्रवाळाचाच: लाकडांची गोल रास रचायची, वर प्रवाळाचे तुकडे, मग आग. राख-चुना मिळून जो ढीग उरतो तो पाण्यावर महिनोन्‌महिने मुरवायचा. घाईने वापरलेला चुना भिंतीवर गेल्यावर फुगतो आणि खपल्या सुटतात.

हल्लीच्या दुरुस्त्यांत मोठी चूक सिमेंटची. प्रवाळाची भिंत ओल शोषते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर सोडते. वर सिमेंट चढवले की ओल आत कोंडते, मिठाचे स्फटिक गिलाव्यामागे वाढतात आणि सिमेंट प्रवाळाचा थर घेऊनच गळून पडते. वाशांची टोके भिंतीत कुजतात ती याच ओलीने. दुरुस्तीला चुनाच हवा.

हे सगळे अनादि नाही, हेही सांगायला हवे. 1331 मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला तेव्हा मशिदी लाकडाच्या होत्या, दारात हातभर-दोन हात खोल विहिरी, आणि पाणी काढायला काठीला बांधलेले लाकडी भांडे. बेटावर धान्य पिकत नाही, लोक केळी आणि मासळीवर राहतात, असे त्याने लिहिले आहे. 'जम्मून' नावाच्या, ऑलिव्हसारख्या दिसणाऱ्या गोड फळाचाही उल्लेख आहे. आपल्याला ओळखायला अडचण पडू नये.

प्रश्न: 'मोंबासा' आणि 1888 असे छापलेले तांब्याचे नाणे अस्सल कसे ओळखावे?

ते इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे एक पैशाचे नाणे. त्यावर तराजू, उगवता सूर्य आणि मुकुट असतो, आणि हिजरी साल 1306 अरबी अंकांत. मोजमाप हिंदुस्थानच्या पाव आण्याचेच: व्यास सुमारे 25 मिलिमीटर, वजन साडेसहा ग्रॅमच्या आसपास. हिशेबही आपलाच, 4 पैशांचा आणा आणि 16 आण्यांचा रुपया, कारण किनाऱ्यावर आधीपासून हिंदुस्थानी रुपयाच चालत होता. स्वाहिलीत आजही पैशाला 'पेसा' म्हणतात.

वजन करा. ओतीव नकलेत कडेला शिवण आणि अक्षरांच्या कडा गोलसर दिसतात, ठोकलेल्या नाण्यात त्या तीक्ष्ण असतात. नाणे चिंच-लिंबाने घासू नका. चकाकी येते, पण जुना थर जातो आणि संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.

प्रश्न: नाशिकमध्ये शिकलेले आफ्रिकी लोक मोंबासाला गेले, ही दंतकथा की इतिहास?

इतिहास. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबते पकडे. सुटलेल्या मुलांना मुंबईला उतरवत. त्यांपैकी काहींना नाशिकजवळच्या शरणपूर या मिशनच्या वस्तीत ठेवले. तिथे लेखन-वाचनाबरोबर लोहारकी, सुतारकी शिकवत. आजचा शरणपूर रोड त्याच नावाचा. आफ्रिकेत फिरलेला ब्रिटिश प्रवासी लिव्हिंग्स्टन याचा देह किनाऱ्यापर्यंत आणण्यात सहभागी असलेला आणि 1874 मध्ये तो घेऊन इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट याच शाळेचा.

1864 पासून यांतले काही मोंबासामागच्या राबाई येथील मिशनवर गेले. 1875 मध्ये, शरणपूरची वस्ती उभारणाऱ्या विल्यम साल्टर प्राइस यांनीच मोंबासासमोर फ्रेअरटाउन ही सुटलेल्या गुलामांची वस्ती वसवली. नाव सर बार्टल फ्रेअर यांचे. ते आधी मुंबईचे गव्हर्नर होते. नाशिकचे लोक तिथे शिक्षक, कारागीर, दुभाषे झाले. किनाऱ्यावर त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. फ्रेअरटाउन बेटावर नाही, जुन्या बंदराच्या पलीकडे मुख्य भूमीवर आहे. तिथली घंटा अजून उभी आहे आणि त्या नाक्याचे नाव केंगेलेनी. स्वाहिलीत 'केंगेले' म्हणजे घंटा.

प्रश्न: मोंबासा ब्रिटिश वसाहतीत होते की झांझिबारच्या सुलतानाचे?

कागदावर सुलतानाचे, कारभारात ब्रिटिशांचे. किनाऱ्याची सुमारे 16 किलोमीटर रुंद पट्टी 1895 मध्ये भाडेपट्ट्यावर घेतली गेली आणि किल्ल्यावर सुलतानाचे तांबडे निशाण फडकत राहिले. 12 डिसेंबर 1963 रोजी केनिया स्वतंत्र झाला, तेव्हा ही पट्टी त्यात सामील झाली.